वेशीवरच्या पाट्या : एका तालुक्याच्या गावाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम विदर्भातलं हे तालुक्याचं गाव. नगरपरिषद क वर्गाची, म्हणजे लोकसंख्या 25,000 ते 40,000 या टप्प्यातली. भोवती कापूस, तूर, सोयाबीन; गावात दोन-चार जिनिंग, बाजार समिती, ग्रामीण रुग्णालय, आठवडी बाजार. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही खुणा वगळल्या आहेत. मी या कामात नगरपरिषदेचा तांत्रिक सल्लागार होतो, तेव्हा खाली जी मतं येतील ती त्या खुर्चीतून दिसलेली आहेत.

गावात शिरायला चार वाटा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याला काही वर्षांपूर्वी बाहेरून वळणरस्ता निघाला. शेजारच्या तालुक्याकडून येणारा राज्य महामार्ग. समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजकडून येणारा रस्ता. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि तोवर बैलगाड्या व ऑटोंपुरता असलेला हा रस्ता एकदम बाहेरच्या गाड्यांचा झाला. चौथी वाट जुनी, नदीपलीकडच्या खेड्यांकडून येणारी. तिथं कधीकाळी गावाची वेस होती. आता एका बाजूला दगडी बुरुजाचा खालचा भाग उरलाय, पण पत्ता सांगताना आजही ‘वेशीपाशी’ असंच म्हणतात. पोळ्याचं तोरण तिथंच बांधलं जातं.

विदर्भाला दरवाज्यांचं कौतुक नवं नाही. चंद्रपूरच्या परकोटाचे जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे दरवाजे, अमरावतीचे अंबागेट आणि जवाहर गेट रोजच्या बोलण्यात आहेत. ‘आमच्याही गावाला गेट पाहिजे’ ही मागणी अशी आपोआप उगवत नाही, तिला डोळ्यांसमोर नमुने असतात. मात्र ते दरवाजे परकोटाला होते. इथं मागितले जाणारे दरवाजे चालत्या महामार्गावर उभे राहणार होते.

प्रश्न कुठून सुरू झाला

महामार्गावर नगरपरिषदेच्या हद्दीपाशी एक लोखंडी कमान होती. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उभारलेली. मधोमध ‘सुस्वागतम्’, खाली गावाचं नाव. नाव आहे हे जुन्या माणसांना आठवायचं, दिसायचं मात्र नाही, कारण वर्षभर तिच्यावर फ्लेक्स लटकलेले. वाढदिवस, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, दहाव्याचं भावपूर्ण आवाहन, कोचिंग क्लासचे टॉपर.

13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसं गेली. त्यानंतर राज्यभर होर्डिंग आणि कमानींच्या तपासण्या सुरू झाल्या. इथल्या कमानीची तपासणी झाली तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक पाय झुकला होता. काळ्या, भारी मातीत पाया उथळ घेतला की हे होतंच. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा देते आणि दरवर्षी वरचा खांब थोडा थोडा हलवते. दुसरं म्हणजे कमानीखालची मोकळी उंची. आयआरसी 67 या रस्ता-फलकांच्या संहितेत वाहतुकीवर टांगलेल्या फलकाखाली किमान 5.5 मीटर जागा लागते. कमान उभारली तेव्हा ती कदाचित असेलही, पण प्रत्येक डांबरीकरणानं रस्ता वर आला आणि कमान तिथंच राहिली. कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ट्रकांनी तिच्या आडव्या पट्टीला घासून चकाकी आणली होती. जाळीतून फुगलेलं कुटार वर किती येईल याचा हिशेब ट्रक भरणारा करत नाही.

कमान काढायची यावर कुणाचं दुमत नव्हतं. तिच्या जागी काय, इथून खरं प्रकरण सुरू झालं.

कोणाला काय हवं होतं

नगरपरिषदेची मुदत संपलेली, प्रशासक बसलेले. त्यामुळे सभागृहात मतदान होऊन प्रश्न सुटण्याची सोय नव्हती, पण मतं सगळीकडून येत होती.

माजी नगरसेवकांना वैशिष्ट्यपूर्ण योजनेच्या अनुदानातून दोन भव्य आरसीसी गेट हवी होती. व्यापाऱ्यांना आपली जुनी कमान जाईल त्या जागी आपलं नाव राहिलं पाहिजे असं वाटत होतं. दोन समाजांनी दोन वेगळ्या महापुरुषांची नावं लेखी दिली, दोन्ही महामार्गावरच्याच गेटसाठी. राज्य महामार्गावरच्या गेटला एक समाज तयार होता, पण ‘मोठं गेट त्यांचं, लहान आमचं’ हे वाक्य एकदा चहाच्या टपरीवर बोललं गेलं आणि तो मार्ग बंद झाला.

ज्यांना पाटीची खरी गरज होती त्यांच्याकडून निवेदन आलं नाही. ते गावचे नव्हतेच. समृद्धीवरून उतरलेल्या गाड्या वळणरस्त्याला लागून गाव मागे टाकत. बाजार समितीत माल न्यायला तेलंगणातून आलेले ट्रकवाले फाट्यावर थांबून विचारत. आजूबाजूच्या खेड्यांत बाळंतिणीला न्यायला बाहेरून आलेली रुग्णवाहिका रुग्णालयाचं वळण चुकल्याची तक्रार आरोग्य खात्याच्या बैठकीत आली, ती नगरपरिषदेपर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

एका बैठकीत एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “सायेब, गेट म्हंजे गेट. पाटी तं किलोमीटरच्या दगडालेबी अस्ते.” मला हे वाक्य पूर्ण प्रकरणाची किल्ली वाटतं. त्यांना गेट हवं होतं ते गावाच्या मानासाठी. वाट चुकणाऱ्याला हवी होती पाटी. दोन्ही गरजा खऱ्या होत्या. त्या एकाच खांबावर टांगायचा हट्ट तेवढा चुकीचा होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दोन आरसीसी गेटचा. त्याचं अंदाजपत्रक पाहिलं तेव्हा एका गेटच्या पैशात चारही बाजूंच्या पाट्या होऊन वर शिल्लक राहत होती. पैसा मात्र दुय्यम होता, जागा खरी अडचण होती. महामार्गाच्या हद्दीत महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय काही उभारता येत नाही. त्यासाठी 2002 चा राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण अधिनियम आहे. शिवाय 18 जानेवारी 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सार्वजनिक रस्ते आणि फुटपाथवर पुतळे किंवा बांधकामांना परवानगी देऊ नये असं राज्यांना बजावलं आहे. त्याच आदेशात दिवे, वाहतूक आणि रस्त्यांचं सुशोभीकरण यांना सूट आहे. त्यामुळे बैठकीत एक बाजू आदेशाचा पहिला भाग वाचायची, दुसरी बाजू दुसरा. गेट म्हणजे सुशोभीकरण की बांधकाम, हा वाद आम्ही जिंकलो असतो तरी महामार्ग कार्यालयाचा नकार तसाच राहिला असता. त्यांनी तोंडी स्पष्ट सांगितलं होतं की चौपदरीकरण होईल तेव्हा तुमचं गेट आम्हीच पाडू.

दुसरा पर्याय रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या लोखंडी गॅन्ट्रीचा. दिसायला चांगली, पण वाऱ्याचा भार मोठा. नागपूर परिसरासाठी आयएस 875 या बांधकामांवरच्या भाराच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, आणि इकडे मे-जूनमध्ये वावधान सुटलं की टिनं उडून शेतात सापडतात. गॅन्ट्रीचा पाया आणि देखभाल नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेर होती.

तिसरा, रस्त्याच्या कडेला दोन खांबांवरची परावर्तक पाटी. स्वस्त, परवानगी मिळण्याजोगी, आणि दिसायला अगदीच साधी. हा पर्याय मांडला तेव्हा सभागृहात जी शांतता पसरली ती नापसंतीची होती.

चौथा पर्याय कुणी मांडला नव्हता, तो पोळ्यानं सुचवला.

जागा ठरवणं

2 सप्टेंबर 2024 ला पोळा होता. दुपारनंतर सजवलेल्या जोड्या वेशीपाशी जमल्या. तोरण बांधायला एका बाजूला बुरुज होता, दुसऱ्या बाजूला महावितरणचा खांब. त्या खांबाला दोर बांधताना लाइनमन आणि मानकरी यांची बाचाबाची झाली. ती दरवर्षीच होते म्हणे. एका माजी नगराध्यक्षांनी तिथंच उभ्या उभ्या विचारलं, “गेट इथंच काऊन नाई करत?”

प्रश्न बरोबर होता. तो रस्ता नगरपरिषदेच्या मालकीचा. जड वाहतूक नाही. ना महामार्ग कार्यालय, ना चौपदरीकरण. गावानं मनात ज्याला प्रवेशद्वार मानलंय ती जागा ही, आणि गाड्या जिथून येतात त्या जागा वेगळ्या.

इथं पहिला मोठा निर्णय झाला. गेट एकच आणि ते वेशीवर. उरलेल्या तीन वाटांवर फक्त पाट्या. गेटचं नाव ‘वेस’ हेच ठेवायचं, कारण ते आधीपासून होतं आणि त्यावर कुणाचा दावा नव्हता. दोन्ही समाजांची निवेदनं नाकारली नाहीत. त्या नावांसाठी गावातल्या दोन चौकांचा स्वतंत्र प्रस्ताव घेतला. तो अजून मंत्रालयाच्या वाटेवर आहे. काहींना ही पळवाट वाटली. मला ती तशी वाटत नाही, पण तो प्रस्ताव लोंबकळत राहिला तर लोकांचं म्हणणं खरं ठरेल.

पाट्यांच्या जागेवरही वाद झाला. नेहमीचा रिवाज म्हणजे पाटी हद्दीच्या दगडावर. पण हद्द एका बाजूला गावापासून बरीच पुढं, शेतात आहे, तर वळणरस्त्यावर फाटा येतो तो हद्दीच्या आधीच. हद्दीवर पाटी लावली तर वळण चुकल्यावर स्वागत झालं असतं. शेवटी वळणरस्त्यावरची पाटी फाट्याच्या पुरेशी आधी, शेजारच्या ग्रामपंचायतीच्या शिवारात घ्यायची ठरली. ग्रामपंचायतीनं ठराव दिला, अट एकच, पाटीवर बाणाखाली त्यांच्याही गावाचं नाव हवं. रास्त मागणी होती. लगेच मान्य झाली.

अक्षरांची चाचणी

ठेकेदाराच्या नमुन्यात गावाचं नाव वळणदार सुलेखनात होतं. संगणकाच्या पडद्यावर देखणं. रस्त्यावर ते वाचता येईल का हे कुणीच विचारलं नव्हतं.

ताशी 80 किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर कापते. वाचून निर्णय घ्यायला चार सेकंद द्यायचे तर पाटी जवळपास 90 मीटर अलीकडून वाचली गेली पाहिजे. इंचभर उंचीचं अक्षर 40-50 फुटांवरून वाचता येतं हा पाटी रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब. त्यानं 90 मीटरला सहा-सात इंचांचं अक्षर लागतं. ही उंची अक्षराच्या अंगाची, वेलांट्या आणि उकार धरून नव्हे. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार असल्यानं ओळीला जागा जास्त लागते, हे इंग्रजीच्या तक्त्यावरून माप काढणारे विसरतात.

गावात पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक पेंटरकाका होते. फ्लेक्स आल्यापासून काम सुटलेलं. त्यांना बोलावलं. त्यांनी मांजरपाटावर तीन प्रकारे नाव लिहिलं : ठेकेदाराचं सुलेखन, नेहमीचं छापील वळण, आणि त्यांच्या हातचं जाड, अंतर सोडून लिहिलेलं अक्षर. तिन्ही कापडं एकेक करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांबूवर ताणून बांधली आणि अंधार पडल्यावर नगरपरिषदेची जीप लांबून दिवे लावून आणली. सुलेखनातल्या बारीक रेघा दिव्याच्या झोतात विरघळून गेल्या, रफार दिसलाच नाही. छापील वळणातल्या जोडाक्षराचा काळा गठ्ठा झाला. काकांचं अक्षर टिकलं. त्यांनी जोडाक्षराच्या पोटातली जागा मुद्दाम मोकळी सोडली होती, शिरोरेघ थोडी बारीक आणि उभे दांडे जाड ठेवले होते. “पोट मोकळं ठेवलं का अक्षर गुदमरत नाई,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

एसटीचा एक चालक या चाचणीला होता. त्यानं पहिल्याच फेरीत तिन्ही कापडं वाचली आणि मग स्वतःच म्हणाला, “मले गाव माईत हाय म्हून वाचता आलं. नवख्याले जमनार नाई.” त्यानंतर ढाब्यावर थांबलेल्या परराज्यातल्या ट्रकचालकांना दाखवलं. तेलंगणाच्या एकानं सरळ विचारलं की इंग्रजीत कुठंय. इंग्रजी ओळ हवी की नको, या चर्चेला तिथंच पूर्णविराम मिळाला.

नाव, फोटो आणि भाषा

15 ऑक्टोबर 2024 ला विधानसभेची आचारसंहिता लागली. निविदा थांबली, त्याचं दुःख झालं. पण आचारसंहितेत झुकलेल्या जुन्या कमानीवरचे सगळे फ्लेक्स उतरवले गेले आणि गावाचं नाव महिनाभर उघडं राहिलं. लोकांनी त्याचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले. ‘आपल्या गावाचं नाव एवढं मोठं लिहिलेलं होतं?’ पाटीवर फोटो नको, पदाधिकाऱ्यांची नावं नकोत, पुरस्कारांचे शिक्के नकोत हा आमचा मुद्दा या महिन्यानं जेवढा पटवला तेवढा कुठल्याही सादरीकरणानं पटला नसता. शिक्क्यांबद्दल एवढंच सांगतो की स्वच्छतेच्या बक्षिसाचा बोर्ड कचऱ्याच्या ढिगाशेजारी उभा असलेली गावं मी विदर्भात पाहिली आहेत.

नावं लावण्याची हौस पूर्ण मोडून चालत नाही. तिला जागा द्यावी लागते. वेशीवरच्या गेटच्या आतल्या बाजूला कोनशिला ठेवायचं ठरलं. तिथं काय ती नावं, आणि जुन्या कमानीसाठी वर्गणी देणाऱ्या व्यापारी मंडळींचा उल्लेखही. व्यापाऱ्यांचा विरोध इथं मावळला.

भाषेचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. गावात उर्दू शाळा आहे, जुनी वस्ती आहे. मराठीखाली उर्दूतही नाव असावं अशी मागणी आली आणि लगेच तिला विरोधही आला. 2022 च्या स्थानिक प्राधिकरणे राजभाषा अधिनियमानं कारभार मराठीत बंधनकारक केलाय, मग उर्दू कशी, असा विरोधकांचा मुद्दा. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावरून हाच वाद तेव्हा सर्वोच्च न्यायालयात होता, त्यामुळे प्रशासकांनी निकालापर्यंत थांबायचं ठरवलं. 15 एप्रिल 2025 ला निकाल आला : मराठीसोबत उर्दू वापरायला त्या कायद्यानं मनाई केलेली नाही.

तरी तीन ओळींनी पाटी भरून जाते हा तांत्रिक प्रश्न उरलाच. शेवटी महामार्गांवरच्या पाट्यांवर मराठी आणि इंग्रजी, आणि वेशीच्या गेटवर मराठी व उर्दू असं ठरलं. वेशीवर गाडी हळू असते, तिथं वाचायला वेळ असतो, हे कारण दोन्ही बाजूंना मान्य झालं. मनातून किती झालं ते मला सांगता येणार नाही.

काम आणि निष्पत्ती

निविदा निघाली ती 31 मार्चच्या तोंडावर, कारण निधी परत जाण्याची भीती. पाया मात्र घाईत उरकला नाही. गेटच्या खांबांना काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतल्या, खाली कांद्यासारखा फुगवटा दिलेल्या. पाट्यांच्या खांबांभोवतीची काळी माती काढून मुरूम भरला. अक्षरं काकांच्या कापडावरून स्कॅन करून परावर्तक शीटमध्ये कापली.

वळणरस्त्यावरची आणि समृद्धीच्या रस्त्यावरची पाटी 2025 च्या पावसाळ्याआधी लागली. वळण चुकून पुढं जाणारी वाहनं कमी झाली असं फाट्यावरचे पानटपरीवाले सांगतात. त्यांना पत्ता विचारणारे कमी झाले याचं त्यांना थोडं वाईटही वाटतं. राज्य महामार्गावरची पाटी अजून लागलेली नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाचं रुंदीकरण तिथं मंजूर आहे आणि नवी कडा कुठं येईल हे ठरल्याशिवाय खांब रोवण्यात अर्थ नाही. गेट उभं राहिलं. 2025 च्या पोळ्याला तोरण त्याच्याच कड्यांना बांधलं गेलं, महावितरणचा खांब सुटला. कडे बसवायची सूचना मानकऱ्यांची होती, नकाशात ती आधी नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

ट्रकचालक, रुग्णवाहिकेचे चालक आणि एसटीची माणसं यांना पहिल्या बैठकीलाच बोलवायला हवं होतं. त्यांचं म्हणणं शेवटी आलं, तोवर गेटच्या चित्रांवर बराच वेळ गेला होता. रस्त्याच्या मालकीचा उतारा आणि महामार्ग कार्यालयाचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय एकही संकल्पचित्र सभागृहात दाखवायला नको होतं. एकदा रंगीत चित्र पाहिलं की लोक त्यातल्या गेटमध्ये मनानं राहायला जातात आणि मग साध्या पाटीचं कौतुक कुणाला?

निकालासाठी थांबण्याबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. प्रशासकांचं म्हणणं, त्यामुळे गावात तणाव झाला नाही. माझं म्हणणं असं की उर्दू वेशीवर आणि इंग्रजी महामार्गावर हा तोडगा वाचण्याच्या वेगावर उभा होता, न्यायालयावर नाही. तो आधीही मांडता आला असता आणि पाइल ऐन उन्हात, माती कोरडी असताना निवांत घेता आल्या असत्या.

गेटच्या दिव्यांचं वीजबिल कोणत्या लेखाशीर्षातून भरायचं हे अंदाजपत्रकात लिहिलं नव्हतं, म्हणून पहिले काही महिने गेट अंधारातच होतं. आता ते पथदिव्यांच्या खात्याला जोडलंय.

आणि पाट्यांची मागची बाजू. ती कोरी सोडली होती. दिवाळीच्या आधीच तिच्यावर कोचिंग क्लास, बोअरवेल आणि ‘मूळव्याध बिना ऑपरेशन’ यांची पोस्टरं चिकटली. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा 1995 चा कायदा आहे, नोटिसा दिल्या, पोस्टरं पुन्हा लागली. आता पुढच्या अंदाजपत्रकात मागच्या बाजूलाही शीट लावायचं धरलंय. तिच्यावर पुढच्या गावांची अंतरं येतील आणि ग्रामपंचायतीच्या मागणीवरून सर्वांत वर त्यांच्या गावाचं नाव.